तिठ्यावरची ड्यूटी

मला राग पटकन येतो. ही आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची देणगी. धाकट्या भावाला ती मिळाली नाही, सगळीच्या सगळी माझ्या वाट्याला आली. तर त्या संध्याकाळी मी साताऱ्यात माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर टिपणं पसरून बसले होते आणि गावाकडून भावाचा फोन आला.

“आक्का, आण्णांना आज ट्रॅक्टरवाल्यानं ढकललं.”

“कोण तो? नाव सांग मला त्याचं!”

“नाव घिऊन काय करतीस? कोपराला लागलंय, बाकी काय न्हाई. आन तसंच परत जाऊन उभं राह्यल्यात. तू ये बाई आता. माझ्या हातात काय राह्यलं न्हाई.”

फोन ठेवल्यावर मी समोरच्या टिपणांकडं बघितलं आणि मला त्यांचाही राग आला. मी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवते. सांगलीच्या एका वाचनालयानं मला रविवारी व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय मीच निवडलेला होता: चारशे वर्षांपूर्वीची एक स्पॅनिश कादंबरी. पन्नाशीला टेकलेला एक खेडेगावातला गृहस्थ शूर सरदारांच्या कथा वाचून वाचून डोकं फिरवून घेतो, पणजोबांचं गंजलेलं चिलखत अंगावर चढवतो, हाडं निघालेल्या घोड्यावर बसतो आणि जगातला अन्याय निपटायला बाहेर पडतो. सोबतीला गावातलाच एक शेतकरी, गाढवावर बसलेला. त्याला एका बेटाचं राज्य देईन म्हणून कबूल केलेलं. पवनचक्क्यांना राक्षस समजून तो भाला घेऊन धावतो, एवढं तर कादंबरी न वाचलेल्यांनाही ठाऊक असतं. लोक हसतात. मीही पहिल्यांदा वाचताना खूप हसले होते. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचताना हसणाऱ्या माणसांकडंच माझं लक्ष जायला लागलं, आणि व्याख्यान त्यांच्यावरच द्यायचं मी ठरवलं होतं.

आता आण्णा तिठ्यावर का उभे राहत होते ते सांगते. आमचं गाव कडेगावच्या बाजूला. गावाबाहेर तीन रस्ते एकत्र येतात, तो तिठा. हंगाम सुरू झाला की कारखान्याकडं जाणारा सगळा ऊस त्या तिठ्यावरून जातो, एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस इतका रचलेला की बाजूच्या बाभळी खरवडून निघतात. मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. टेप एवढ्या मोठ्यानं लावलेला असतो की मागून कुणी बोंबललं तरी ऐकू जायचं नाही. त्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीलाच, तिन्हीसांजेला, शेजारच्या वस्तीवरची एक मुलगी क्लासहून स्कूटीवर येत होती. पुढं थांबलेली ट्रॉली तिला दिसलीच नाही. आण्णा तेव्हा डेअरीत दूध घालून परतत होते. तिला जीपमध्ये त्यांनीच घातलं, आणि दवाखाना यायच्या आत ती त्यांच्याच मांडीवर गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक उघडली. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्याला त्यांना पंचवीसेक वर्षं होऊन गेली होती, पण फौजेची जर्सी, टोपी आणि शिट्टी डांबराच्या गोळ्यांत जपून ठेवलेली होती. जर्सी पोटावर घट्ट बसत होती. मग त्यांनी आईची ट्रंक उघडली. तिच्यात आयुष्यभराचे ओटीत आलेले ब्लाउजपीस होते. त्यांतले लाल तेवढे त्यांनी बाजूला काढले. आई म्हणाली, “आवं, त्यातला एक तरी ठेवा, माझ्या भाचीच्या ओटीला लागंल.” एकही ठेवला नाही. संध्याकाळी पाचला तिठ्यावर जायचं, येईल तो ट्रॅक्टर हात करून थांबवायचा, मागच्या ट्रॉलीच्या उसाला लाल फडकं बांधायचं, टेप बंद करायला लावायचा आणि मग शिट्टी मारून सोडायचं, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला.

पहिला आठवडा सगळ्यांना मजा वाटली. ड्रायव्हर लोक लांबूनच सलाम ठोकायचे. पोरं व्हिडिओ काढायची. कुणीतरी त्याला लढाईचं गाणं लावून गावभर फिरवला. भाऊ शरमेनं चहाच्या टपरीवर जायचा बंद झाला. मी मात्र साताऱ्यात बसून कौतुक करत होते. लांबून कौतुक करायला काय लागतं?

त्या दिवसांत आमचं रोज फोनवर बोलणं व्हायचं. मी व्याख्यानाची तयारी करतेय म्हटल्यावर आण्णांनी विचारलं, कुठलं पुस्तक? मी थोडं सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन उचलल्या उचलल्या म्हणाले, “तुझ्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं?” तेव्हापासून रोज एक प्रकरण. ते हसायचे नाहीत. युद्धाचा अहवाल ऐकावा तसं ऐकायचे.

“पवनचक्कीवर येकटाच गेला? टेहळणी न्हाई, काय न्हाई?”

“त्याचा सोबती ओरडून सांगत होता आण्णा, राक्षस नाहीत म्हणून.”

“मंग ऐकाया पायजे हुतं. जवानाचं ऐकत न्हाई त्यो अधिकारी कच्चा.” मग म्हणाले, “पर त्यो सोबती त्येला सोडून गेला न्हाई न्हवं?”

“नाही गेला.”

“झालं तर मंग. दोघांचंबी बरूबर हाय.”

साखळदंडात बांधून नेत असलेल्या कैद्यांना तो सरदार सोडवतो आणि सुटलेले कैदी त्यालाच दगड मारतात, हे त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. त्याच्या गावातले दोस्तच, पाद्रीबुवा आणि न्हावी, त्याची पुस्तकं अंगणात जाळतात आणि पुस्तकांच्या खोलीचं दार भिंत बांधून बुजवून टाकतात, तो भाग सांगितला तेव्हा मात्र भडकले. “जाळली? आन त्येला इचारलं न्हाई? दोस्त म्हणं! आरं, वैरी बरा, समोरनं तरी येतो.” माझ्या टिपणात मी हेच तीन पानांत लिहिलं होतं. मी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं, आणि वडिलांचा मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

कादंबरीचा शेवट तेवढा सांगायचा राहिला होता. शेवटाआधी हा ढकलल्याचा फोन आला.

शुक्रवारी मी गाडी घेऊन गावी गेले. पोचायला संध्याकाळ झाली, म्हणून घरी न जाता थेट तिठ्यावर गेले. भाऊ बाभळीखाली मोटारसायकलला टेकून उभा होता. तो रोज असाच उभा राहायचा, लांबून लक्ष ठेवत. हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं.

“आण्णांपायी तोडीची टोळी आपल्या फडात याया तयार न्हाई,” तो म्हणाला. “उसाला तुरं आलं. पर त्ये जाऊ दे, ऊस वाळला तर वाळला. काल त्यो ड्रायव्हर मला म्हणला, आज बिरीक लागला, उद्या लागंल का न्हाई सांगता येत न्हाई.”

मी काही बोलणार तेवढ्यात चढावरून ट्रॅक्टर आला. आण्णा रस्त्याच्या मधोमध गेले. पाठ ताठ, उजवा हात वर, तोंडात शिट्टी. ट्रॅक्टरचा वेग कमी होईना. शिट्टी वाजली. परत वाजली. ट्रॅक्टर उतरणीला लागला होता आणि मागच्या दोन ट्रॉल्यांचा भार त्याला पुढं रेटत होता. हे मला, शेतकऱ्याच्या मुलीला, कळत होतं. आण्णांनाही कळत होतंच. मी ओरडले, “आण्णा!” माझा आवाज टेपच्या आवाजात गेला. भाऊ धावत सुटला. आण्णा हलले नाहीत. चाकं करकरली, मागची ट्रॉली वाकडी होऊन थरथरली, आणि ट्रॅक्टरचं तोंड आण्णांच्या छातीपासून हातभर अंतरावर येऊन थांबलं.

ड्रायव्हर खाली उतरला तोच शिव्या देत. आण्णा त्याला वळसा घालून मागं गेले, उसाच्या शेंड्याला लाल फडकं बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि परत येऊन शिट्टी मारली. “जाव,” म्हणाले.

मी गाडीच्या बॉनेटवर हात टेकून उभी होते. सरदार, चिलखत, व्यंग, विडंबन, सगळं डोक्यातून साफ झालं होतं. माझे वडील माझ्यासमोर मरणार होते, आज नाहीतर उद्या, एवढंच मला कळत होतं.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. काय नाही बोलले! पोलिसांत अर्ज द्या, कारखान्यात जा, ग्रामसभेत बोला, पण हे काय वय आहे का? अर्ज दिलाय, ते म्हणाले. दोन दिलेत. त्याची पोच त्यांनी कपाटातून काढून माझ्यापुढं ठेवली. माझं बोलणं संपेपर्यंत ते कोपराला हळद लावत बसले होते.

“तुमाला काय झालं तर आईनं काय करायचं?”

“तुझ्या आईला पेन्शन हाय.”

“आण्णा!”

“हे बग पोरी,” ते म्हणाले. “मला तिथं कुणी उभं केलंय? त्या पोरीनं. ती काय आता मला रिलीव्ह कराया येणार न्हाई. आन रिलीव्ह केल्याबिगार पोस्ट सोडायची न्हाई, हे मी साहेबांकडनं शिकलोय.”

साहेबांची गोष्ट आम्ही दोघं भावंडं लहानपणापासून ऐकत आलो होतो. वर बर्फातल्या एका चौकीवर साहेबांनी आण्णांना उभं केलं होतं, मी सांगेपर्यंत हलायचं नाही म्हणून. मग वादळ आलं, वाट बंद झाली, दोन दिवस कुणी वर येऊ शकलं नाही. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः कमरेएवढ्या बर्फातून वर आले आणि म्हणाले, “सुभेदार, अब नीचे चलो.” तेव्हा आण्णा सुभेदार नव्हते, पण गोष्टीत साहेब कायम सुभेदारच म्हणायचे. त्या चौकीवरचा साहेबांचा फोटो आमच्या सोप्यात भिंतीवर आहे.

आण्णा उठून आत गेले. मग आई, जी भांडणात कधी पडत नाही, ती चुलीपुढून उठून सोप्यात येऊन म्हणाली, “त्यांच्या साहेबानं सांगितलं तर ऐकतील. दुसऱ्या कुणाचं न्हाई ऐकायचं.”

आम्ही तिघांनीही भिंतीकडं बघितलं. ओळीनं फोटो होते. आजोबा, आजी, थोरले चुलते, सगळ्यांना चंदनाच्या सालीचे हार. साहेबांच्या फोटोला हार नव्हता.

“हायत म्हंजे साहेब,” भाऊ म्हणाला. “कोल्हापुरात असतात न्हवं? नंबर काढू का आण्णांच्या फोनमधनं?”

आणि इथं मी ते बोलले. मी, जी टिपणात लिहून आले होते की या कादंबरीतला सगळ्यांत निर्दय माणूस तो सरदार नाही, त्याला दगड मारणारे कैदी नाहीत, त्याची टर उडवणारे उमराव नाहीत, तर त्याच्याच गावचा, बाहेर जाऊन शिकून आलेला तरुण आहे. म्हाताऱ्याला घरी आणायचं म्हणून तो खोटं चिलखत घालतो, परका सरदार बनून त्याला लढाईला बोलावतो, हरवतो आणि शब्द घेतो की वर्षभर घराबाहेर पडायचं नाही, शस्त्र हातात धरायचं नाही. म्हातारा शब्द पाळतो. घरी येतो, अंथरूण धरतो, शहाणा होतो आणि मरतो. हे सगळं मला पाठ होतं.

मी म्हणाले, “खऱ्या साहेबांना कशाला त्रास? ते काय म्हणतील कुणी सांगावं, उलट शाबासकी देतील. आमच्या कॉलेजात हिंदीचे सर आहेत. नाटकात कामं करतात. त्यांचा आवाज चांगला भारदस्त आहे.”

भावानं आतल्या दाराकडं बघितलं. “कळलं म्हंजे?”

“कसं कळेल? किती वर्षांनी आवाज ऐकणार.”

शनिवारी सकाळी मी परड्यात जाऊन सरांना फोन केला. चौकीचं नाव सांगितलं, ‘अब नीचे चलो’ सांगितलं, सगळं पढवलं. सर आधी नको म्हणाले. मग मी रडले, तेव्हा हो म्हणाले.

साडेदहाला भावाच्या मोबाईलवर फोन आला. आण्णा सोप्यात दाढी करून नुकतेच बसले होते. भावानं मोबाईल त्यांच्यापुढं धरला. “आण्णा, तुमचं साहेब. कुणाकडनं तरी माझा नंबर घेतलाय म्हणं.” तो त्यांच्याकडं न बघता जमिनीकडंच बघत होता. मला वाटलं सगळं आत्ताच उघडं पडणार. मी आतल्या दाराच्या चौकटीत उभी होते. तोंडावर पदर धरला होता.

आण्णांनी फोन कानाला लावला. “हॅलो,” म्हणाले. पलीकडून आवाज आला, तो मलाही ऐकू आला. सर खरंच छान बोलले. सुभेदार, तुम्हारी खबर मिली. बहुत अच्छा काम किया. अब हमारा हुक्म है, पोस्ट छोड़ दो. अब नीचे चलो.

आण्णांनी भिंतीवरच्या फोटोकडं एकदा बघितलं. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि माझ्याकडंच बघत राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग ते उभे राहिले. चपला काढल्या, टाचा जुळवल्या, हात मांडीला चिकटवले.

“जी साब,” म्हणाले.

फोन भावाला दिला. खुंटीवरून शिट्टी काढली, तिची दोरी नीट गुंडाळली आणि ती माझ्या हातात ठेवली. त्या संध्याकाळी ते गेले नाहीत. पाच वाजता सोप्यात बसून राहिले, आणि चढावरून ट्रॅक्टरचा आवाज आला की तेवढी मान उचलायचे. आईनं शिरा केला होता. तो त्यांनी खाल्ला. जिंकलो आम्ही! मला रात्रभर झोप लागली नाही आणि तरीही खरं सांगते, सुटल्यासारखं वाटत होतं.

रविवारी मी सांगलीला निघाले तर ते कोट घालून तयार. “मला आता काम न्हाई. येतो तुझं भाषण ऐकाया.” मी नको कशी म्हणणार? तासगाव येईपर्यंत आम्ही द्राक्षांवर बोललो.

वाचनालयाच्या सभागृहात ते शेवटच्या रांगेत बसले, ताठ. मी उभी राहिले आणि पहिल्याच मिनिटाला मला कळलं की मी लिहून आणलेलं मला वाचता येणार नाही. मी पवनचक्क्यांवर बोलले. न्हाव्याच्या पितळी भांड्याला हा माणूस जादूचं शिरस्त्राण समजून डोक्यावर घालतो, त्यावर बोलले. लोक हसले. मी सांगितलं, की ही कादंबरी शौर्याच्या खोट्या गोष्टींची टिंगल करायला निघते आणि वाटेत तिला कळतं की खोट्या गोष्टी वाचून निघालेल्या या माणसाचं धाडस मात्र खरं आहे. त्याला दिसतं ते चुकीचं असेल, पण दिसल्यावर तो घरी बसत नाही. आणि शहाणी माणसं? त्यांना सगळं बरोबर दिसतं आणि ती हसतात. टाळ्या पडल्या. त्या शिकलेल्या तरुणाचं प्रकरण मी अख्खं गाळलं आणि घाईघाईनं आभार मानले.

पहिल्या रांगेतल्या एक बाई उठल्या. निवृत्त शिक्षिका असाव्यात. “मॅडम, पण तो घरी परत कसा आला, ते राहिलंच की.”

मी पाणी प्यायले. शेवटच्या रांगेत आण्णा किंचित पुढं झुकले. हेच प्रकरण ऐकायचं त्यांचं राहिलं होतं.

सांगावं लागलं. मी सांगितलं, त्याच्याच गावचा एक शिकलेला तरुण वेष पालटून आला, परका बनून त्याला हरवलं आणि घरी जायचा शब्द घेतला.

“म्हणजे त्याच्या भल्यासाठीच केलं की त्यानं,” बाई म्हणाल्या.

“हो. भल्यासाठीच केलं,” मी म्हणाले. “म्हातारा घरी आला आणि गेला.”

“पण नाहीतर बाहेर कुठंतरी मेलाच असता ना?”

अध्यक्षांनी वेळ संपल्याचं सांगितलं म्हणून मी वाचले.

परतताना विटा सोडलं तेव्हा सूर्य मावळायला आला होता. आण्णा शेजारी बसले होते, हातात वाचनालयानं मला दिलेला नारळ. आमच्यापुढं एक ट्रॅक्टर लागला, दोन ट्रॉल्यांचा. मागं ना दिवा, ना फडकं. मी गाडी त्याच्या मागंच ठेवली. ओलांडायचं धाडस होईना.

“त्या म्हाताऱ्याला कळलं का,” आण्णा म्हणाले, “की हरवणारा त्येच्याच गावचा हाय?”

“नाही. शेवटपर्यंत नाही कळत त्याला.”

“लिवणाऱ्यानं दया केली म्हणायची.”

मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

“साहेब जाऊन तीन वर्सं झाली,” ते म्हणाले. “कोल्हापूरला. मी गेलो हुतो. खांदा दिला.”

पुढचा ऊस हलत होता, मी त्याच्याकडंच बघत राहिले. शेवटी म्हणाले, “सांगितलं का नाही घरात? आणि फोटोला हार...”

“फौजी दवाखान्यात जातो म्हणून गेलतो. सांगितलं न्हाई. सांगाया लागलो असतो तर रडू आलं असतं, आन तुमच्यापुढं मी कवा रडलोय? हार न्हाई घातला. भिंतीवर तरी जित्तं असू देत म्हणलं. तुमीबी कवा इचारलं न्हाई, साहेब कसं हायत म्हणून.”

खरंच विचारलं नव्हतं. तीन वर्षांत एकदाही नाही. रोज फोनवर बोलत होते मी, आणि एका स्पॅनिश म्हाताऱ्याची रोज खबर देत होते.

“मग कशापायी मानलंत?” मी जवळजवळ ओरडलेच. “माहीत होतं तर तिथंच थोबाडीत का नाही मारलीत माझ्या?”

“आवाज परका हुता,” आण्णा म्हणाले. “पर आर्डर कुणाची हाय ते समजलं. तू दारात उभी हुतीस. तसं तोंड मी तुझं बाळपणापास्नं कवा बघितलं न्हवतं. आर्डर आली, मानली.”

ट्रॅक्टर एका खड्ड्यातून गेला आणि मागची ट्रॉली डाव्या अंगाला कलली. दोघंही बघत होतो. ती सावरली. समोरून एक मोटारसायकल आली, तिच्यावर नवरा-बायको आणि मधे लेकरू, आणि ट्रॉलीला घासून निघून गेली. आण्णांचा हात आपोआप वर झाला होता. तो त्यांनी खाली घेऊन नारळावर ठेवला.

“आर्डर देणाऱ्यालाच ती मागं घेता येती,” ते म्हणाले. “हंगाम अजून दीड म्हैना हाय. घेतीस का मागं?”

मला चढावरून उतरणारा तो ट्रॅक्टर दिसला, छातीपासून हातभर थांबलेला. मला त्या क्लासच्या मुलीची आई दिसली, जी आण्णांच्या पायांशी बसून रडली होती असं आईनं सांगितलं होतं. शिट्टी माझ्या पर्समध्येच होती. मला ती काढून त्यांच्या हातात ठेवायची होती, देवाशपथ ठेवायची होती. या माणसाला मी ओळखत होते, त्याच्यावर मी सभागृहात टाळ्या घेऊन आले होते.

“नाही,” मी म्हणाले. “नाही घेत आण्णा. मला तुमी पायजेत.”

आण्णांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पाठ सीटला टेकली होती ती त्यांनी सरळ केली.

“जी साब,” म्हणाले. या वेळी समोर फोनही नव्हता.

तिठा आला तेव्हा दिवेलागण झाली होती. बाभळीच्या काट्यांत एक लाल ब्लाउजपीस अडकून राहिला होता. मी गाडी हळू केली, कुणी येत नाही ना ते दोन्हीकडं बघितलं आणि घराकडं वळवली.